जुन्या घराची एक खिडकी

धानोरा हे माझे आजोळ. नंदुरबार जिल्ह्यातले हे गाव. गुजरातची हद्द तिथून फार लांब नाही. तिथे माझ्या मामांचे काळ्या दगडाचे जुने घर आहे. भिंती दोन-सव्वादोन फूट जाडीच्या, आत सागाचे खांब आणि तुळया. वर पूर्वी मातीचे धाबे होते, आता पत्रा आहे. या घराच्या मागच्या भिंतीला एक खिडकी आहे. खिडकी म्हणावयाचे ते आपले उपचारापुरते. तिची एक बाजू दुसरीपेक्षा दोन बोटे उंच, चौकट भिंतीत कधी नीट बसलेलीच नाही, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत चढत थेट पत्र्यापर्यंत गेलेली. लहानपणी आम्ही मुले त्या भेगेत गोट्या लपवीत असू.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, एका रात्री, त्या भेगेतला एक दगड सुटला आणि मामींच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर येऊन पडला. मामी वाचल्या. दुसऱ्या दिवशी घरात वाद सुरू झाला. मामेभाऊ म्हणाला, "आता पाडूनच टाकू आणि स्लॅबचे घर बांधू." मामी म्हणाल्या, "पाडायचे ते मी गेल्यावर पाडा." आणि निवाडा करण्यासाठी शिकलेला भाचा म्हणून मला धुळ्याहून बोलावणे आले.

आता खरे सांगतो, मी कॉलेजात इतिहास शिकवणारा मनुष्य. दगडाशी माझा संबंध शिलालेखापुरता. म्हणून गावातल्या एका वृद्ध गवंड्याला बोलावले. त्यांनी भिंतीवर हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिले, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाले, "भाऊ, हाई खिडकी नही शे, हाई भोक शे." खिडकी नव्हे, भोक! मी विचारले, "ज्यांनी एवढी सरळ भिंत उभारली, त्यांना एक खिडकी धड करता आली नाही?" ते म्हणाले, भिंत करणारा वेगळा आणि भोक पाडणारा वेगळा, दोघांच्या मध्ये पुष्कळ वर्षे गेलेली दिसतात.

वाचकहो, या एका वाक्याने मला जो इतिहास शोधावयास लावला, तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आधी दगडाचे पाहू. आपला हा सारा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा रस बाहेर आला आणि थंड होऊन काळा दगड झाला. धुळे-नंदुरबारच्या बाजूला आणखी एक मौज आहे. ज्या भेगांतून तो रस वर आला, त्यांतल्या पुष्कळ भेगा तशाच भरून घट्ट झाल्या. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि या भरलेल्या भेगा मैलोगणती लांब भिंतींसारख्या उभ्या राहिल्या. नंदुरबारकडे जाताना शेतांमधून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या टेकड्या आपण पाहिल्या असतील, त्या ह्याच. भूगर्भशास्त्रज्ञ या रांगांचा अभ्यास करावयास लांबून येतात. या दगडाला मुळातच आडव्या-उभ्या चिरा असतात. त्यामुळे पहारीने तो ठोकळ्यांच्या रूपात निघतो. म्हणजे निसर्गानेच आपल्याला दगड अर्धा घडवून दिलेला आहे. दगड जोडावयास माती लागे, ती गावच्या पांढरीची. गावाच्या जमिनीचे जुने दोन भाग आपणास ठाऊक आहेतच : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे पडून, मुरून झालेली ही पांढरी माती चिकट आणि पाण्याला टिकाऊ. जुन्या घरांच्याच मातीतून नवे घर उभे राहात असे.

पण दगडाची एक खोड आहे. दगड दाब कितीही सोसतो, ताण मात्र सोसत नाही. दोन टोकांवर टेकलेल्या आडव्या दगडावर भार आला की तो मधोमध खालून ताणला जातो आणि तडकतो. म्हणून दगडी भिंतीत मोकळी जागा ठेवणे ही गवंड्याची खरी परीक्षा. आपल्या खानदेशातच या परीक्षेची दोन उत्तरे सापडतात. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याला अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची हेमाडपंती देवळे आहेत. तिथे दारांवर जाड आडवे दगड टाकलेले आहेत आणि मोकळी जागा मुद्दाम अरुंद ठेवलेली आहे. दुसरे उत्तर तापीकाठच्या थाळनेरला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथे फारुकी सुलतानांची राजधानी होती. त्यांच्या कबरींवरच्या इमारती आजही उभ्या आहेत, आणि तिथे कमान आहे. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो. ताण कोणालाच सोसावा लागत नाही. एक आडव्या दगडाची रीत आणि एक कमानीची रीत. गावोगावच्या गवंड्यांनी पुढे दोन्ही आपल्याशा केल्या. वाड्याच्या दारावर लाकडी गणेशपट्टी आणि तिच्या वर दगडाची चपटी कमान, असे जोडकाम आपण कितीतरी ठिकाणी पाहतो. कमान वरचा भार बाजूंना वळवते आणि खालचे लाकूड मोकळे राहते.

म्हणजे विद्या होती. मग धानोऱ्याच्या त्या खिडकीवर ती का दिसत नाही? त्याचे उत्तर असे की मूळच्या घराला मागच्या बाजूने खिडकीच नव्हती. ठेवलीच नव्हती.

आपणास वाटेल, हे अडाणीपणाचे लक्षण. तसे नाही. खानदेशचा उन्हाळा आपण सोसलेला आहे. वैशाखात पारा चाळिसाच्या पुष्कळ वर जातो. जाड भिंत दिवसभर ऊन पिऊन घेते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र होते. तिला मोठे भोक पाडणे म्हणजे भर दुपारी झळ घरात बोलावणे. दुसरे कारण भीतीचे. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. गावे ओस पडली. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हाही मुलूख शांत नव्हता. डोंगरातल्या भिल्लांचे जुने हक्क आणि जमिनी हिरावल्या गेल्या होत्या. त्यांनी हत्यार उचलले यात नवल ते काय? १८२५ मध्ये औट्रम साहेबाने भिल्लांचीच पलटण उभी केली. अशा काळात ज्याच्या घरात चार पायली धान्य आहे, तो मागच्या भिंतीला खिडकी कशाला ठेवील? उजेड यावयाचा तो पुढच्या दारातून, आणि धूर जावयाचा तो धाब्यातल्या भोकातून. त्याला कोणी सवणे म्हणत, कोणी धारे. रात्री त्यावर एक दगड ओढून ठेवला की झाले.

आणि बरं का, शेजारच्याच पाड्यावर याच्या अगदी उलट रीत होती. बांबूच्या कामट्यांचा कुड विणून त्यावर शेणमातीचा हात फिरवलेली भिंत. वारा तिच्यातूनच झिरपतो, उजेडही ठिकठिकाणी ठिपके टाकतो. त्या घराला खिडकीची गरजच नाही. सगळी भिंतच थोडीथोडी खिडकी असते. एकाच ऊन-पावसात माणसाने काढलेली ही दोन वेगळी उत्तरे. यात एकाला पुढारलेले आणि दुसऱ्याला मागासलेले म्हणण्याची घाई आपण करू नये.

मग खिडकी आली केव्हा? आमच्या आजी सांगत असत की ती "प्लेगाच्या पुढे" पाडली. घरात कागदोपत्री पुरावा काही नाही. परंतु आजीच्या या आठवणीला इतिहासाचा आधार चांगला मिळतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. रोगाचे मूळ अंधारात, दमट हवेत आणि कोंदट घरात आहे, असे तेव्हाच्या अंमलदारांना वाटत होते. म्हणून घरोघर शिरून चुना मारणे, सामान जाळणे, कौले उतरवून आणि भिंतींना भोके पाडून उजेड आणणे, हे उपाय सुरू झाले. पुण्यात या उपायांतल्या जुलमामुळे लोक किती संतापले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी कशी झाडली गेली, ते आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. साथ रेल्वेच्या वाटेने आत सरकली आणि खानदेशही तिच्यातून सुटला नाही. याच सुमारास तापी खोऱ्यातली सुरत-अमळनेर रेल्वे नंदुरबारवरून तयार होत होती. लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. परत आले ते एक धडा घेऊन : घराला खिडकी पाहिजे.

हा धडा सक्तीने आला, भीतीने आला, की समजुतीने आला, हे एकेका घराबद्दल आज सांगता यावयाचे नाही. एवढे मात्र दिसते की तो घाईने आला. भिंत बांधताना खिडकी ठेवणे वेगळे आणि उभ्या भिंतीला, वर छपराचा भार असताना, खिडकी पाडणे वेगळे. पहिले काम साधे गवंडीही करतो. दुसऱ्याला आधी भार उचलून धरावा लागतो, बाजू नव्याने बांधाव्या लागतात. साथीच्या धामधुमीत एवढे कोण करणार? पहार घातली, दगड ओढले, वर एक फळी टाकली आणि उरलेल्या जागेत जे हाती लागले ते कोंबले.

आणि यातला दैवदुर्विलास पाहा. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेमुळे माणसाला होतो. प्रथम त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे काही वर्षांनी हिंदुस्थानातल्याच संशोधनाने त्याचे म्हणणे खरे ठरले. म्हणजे उजेड आणि वारा चांगलाच, परंतु प्लेगाचा खरा वाटाड्या उंदीर होता. आम्ही धानोऱ्याची चौकट काढली तेव्हा तिच्या बाजूच्या पोकळीत काय सापडले असेल? फुटक्या जात्याची अर्धी पेड, कौलांचे तुकडे, आणि ज्वारीच्या भुसकटाचे भले मोठे उंदराचे घरटे! ज्या रोगाच्या भीतीने भोक पाडले, त्याच्याच वाहकाला त्या भोकाने घर दिले होते.

आता दुरुस्तीकडे येऊ. गवंडीबाबांनी पहिल्या दिवशी एकही दगड काढला नाही. "आधी भार कुठे जातो ते बघावं, मग दगडाला हात लावावा," एवढेच त्यांचे सूत्र. फळी काढून पाहिली तर ती बाभळीची, वाळवीने पोखरलेली, आणि भिंतीवर दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटे टेकलेली. मग इतकी वर्षे भिंत उभी राहिली कशी? त्याचे उत्तर त्या भेगेतच होते. भोकावरचा त्रिकोणी तुकडा सैल होऊन खाली बसला आणि त्याच्या वरचे दगड एकमेकांत अडकून दोन्ही बाजूंना टेकले. भिंतीने आपली आपणच एक ओबडधोबड कमान करून घेतली होती. जी भेग आम्हांला व्यंग वाटत होती, ती त्या कमानीची कड होती.

मधल्या काळात कोणीतरी ही भेग सिमेंटने लिंपली होती. त्याने दुखणे वाढले. सिमेंट कडक आणि बंदिस्त. मातीत बांधलेली भिंत मात्र सतत ओल घेते आणि सोडते. बाहेरून लिंपण घट्ट बसले की आतली ओल आतच राहते, मातीचा चिखल होतो आणि एका पावसाळ्यात लिंपणासकट दगड बाहेर येतो. मामींच्या अंथरुणाशी पडलेला दगड तो हाच. सिमेंट वाईट असे माझे म्हणणे नाही. काँक्रीटच्या घरात ते राजा आहे. परंतु आपल्या देशात त्याचा कारखानदारी इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा, आणि या भिंती त्याच्या ओळखीच्या नाहीत.

मग काम असे झाले. खिडकीच्या वरच्या बाजूला भिंतीतून आरपार दोन बल्ल्या घातल्या आणि त्यांच्या दोन्ही टोकांना आतून-बाहेरून धिरे लावले. वरचा भार असा उचलून धरल्यावर सैल त्रिकोणातले दगड एकेक करून उतरवले. प्रत्येकावर खडूने आकडा घातला. बाजू ओळंब्यात घेऊन नव्याने बांधल्या. एक दगड आडवा, त्यावर एक उभा, असे लांब दगड आलटून-पालटून भिंतीत आतवर शिरवले. डोक्यावर जुन्या धाब्याच्याच सागाच्या तीन तुळया शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे भिंतीची सारी जाडी झाकली गेली. प्रत्येकीची टोके दोन्हीकडे चांगली वीतभर टेकलेली. त्यावर दगडाची चपटी कमान. सांधे चुन्यात भरले. चुना आठ दिवस भिजवून मुरवलेला, वाळू आणि विटेची सुरखी घालून मळलेला. चुन्याला घाई चालत नाही. तो हवेतला वायू घेऊन हळूहळू दगड होतो. तीन आठवडे ओली गोणपाटे टाकून ठेवली, त्यानंतरच धिरे काढले. सगळ्याला सव्वा महिना लागला. मामेभाऊ रोज विचारी, "एका खिडकीला सव्वा महिना?" गवंडीबाबा हसत आणि पाणी मारीत.

या कामात एक गोष्ट अशी आढळली की जिच्यामुळे माझी झोप उडाली. भिंत उघडल्यावर दिसले की ती एक भिंत नाहीच. बाहेरचा एक दगडी पदर, आतला एक, आणि मध्ये माती-चिपांची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड त्या भागात एकही नव्हते. आता ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागातली सुमारे आठ हजार माणसे गेली. ती बहुतेक अशाच जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि धाब्यांच्या मातीखाली गेली. भिंतीचे दोन पदर सुटले, एक आत पडला, एक बाहेर. दगड दोषी नव्हता. दगडाला दगडाशी बांधले नव्हते, हा दोष. त्यानंतर जाणकारांनी जे नियम घालून दिले, ते जुन्या चांगल्या गवंड्याला नवे वाटू नयेत असेच आहेत : उंचीच्या दर दोन फुटांना आणि लांबीच्या दर चार फुटांना भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा, खिडकी कोपऱ्याला चिकटून नको, एका भिंतीत भोके फार नकोत. आपला भागही निर्धास्त राहण्यासारखा नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याला मोठा धक्का बसलेला आहे. म्हणून खिडकीच्या निमित्ताने आम्ही त्या सबंध मागच्या भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड घालून घेतले. खर्च वाढला. पण मामेभावाने या वेळी प्रश्न विचारला नाही. त्याने स्वतःच नंदुरबारहून लांब दगडांची ट्रॉली आणली.

राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून दप्तरे धुंडाळली, आणि १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या गावात राहून इतिहास शिकवताना मला कायम वाटत आले की साधन म्हणजे कागद. धानोऱ्याच्या घरात कागद नव्हता, भिंत होती. तिच्यात होळकरशाहीतली भीती होती, प्लेगातली घाई होती, सिमेंटच्या नव्या काळातली बेफिकिरी होती, आणि ती वाचावयास हातोडी आणि कान असलेला एक म्हातारा गवंडी लागला.

आपल्याही गावी असे घर असेल. त्याची एखादी खिडकी वाकडी असेल, तिच्या कोपऱ्यातून भेग गेली असेल. त्यावर लिंपण मारून मोकळे होऊ नका, आणि घाबरून घरही पाडू नका. आधी घरातल्या वडील माणसांना विचारा की ही खिडकी मूळची की मागाहूनची. मग चांगला गवंडी आणा आणि डोक्यावर काय टाकले आहे, ते दोन्हीकडे किती टेकले आहे, भिंतीला आरपार दगड आहेत की नाहीत, एवढे पाहून घ्या. पावसाळ्याअगोदर पाहा. तोवर निदान त्या भिंतीखाली कोणाचे अंथरूण घालू नका.

आमच्या मामी आता त्याच खिडकीशी बसून ज्वारी निवडतात. सकाळचे ऊन तिथे घटकाभर येते. फुटक्या जात्याची ती अर्धी पेड त्यांनी टाकू दिली नाही. खिडकीच्या तळाला बाहेरून बसवून घेतली आहे. पावसाचे पाणी तिच्यावरून निथळून बाहेर पडते.